जुनी कचेरी रिकामी झाली, ती न्यायालयाला मिळेल का?

एका तालुका वकील संघाच्या सचिवांनी विचारलं आहे : तहसील कार्यालय नव्या प्रशासकीय इमारतीत गेलं आणि जुनी दगडी कचेरी आवारासकट रिकामी पडली. न्यायालय मात्र दोन खोल्यांत दाटीवाटीने चालतं, आणि मंजूर झालेलं आणखी एक न्यायालय जागेअभावी सुरूच होत नाही. कचेरीवर इतर दोन खात्यांनीही मागणी केली आहे. अशा वेळी न्यायालयाला अग्रक्रम मिळतो का, मिळावा का, आणि मिळवायचा कसा?

आपोआप मिळत नाही. मिळावा, असं माझं ठाम मत आहे. आणि मिळवायचा तर मागणी इमारत रिकामी होण्याआधीच जायला हवी. तुमच्याकडे तो टप्पा उलटला आहे, पण वाटपाचा आदेश निघालेला नाही, म्हणजे अजून वाव आहे. जिल्हा न्यायालयाच्या कार्यालयीन बाजूला माझी नोकरी झाली. नाझर शाखेत, म्हणजे न्यायालयाची रोकड, सामान आणि जागा सांभाळणाऱ्या शाखेत असताना आणि पुढे प्रबंधक म्हणून जागेच्या फायली माझ्याच टेबलावरून जायच्या, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

‘न्यायालयही सरकारी, इमारतही सरकारी, मग अडचण कुठे येते?’ हा प्रश्न मला वकिलांनीही विचारला आहे. अडचण अशी की एका इमारतीला तीन-चार धनी असतात. जमीन महसूल खात्याच्या नावावर, इमारत सार्वजनिक बांधकाम विभागाच्या नोंदवहीत आणि वापर तिसऱ्याच खात्याचा. न्यायालयाचा पैसा येतो विधी व न्याय विभागाकडून आणि तालुका-जिल्हा न्यायालयांवर नियंत्रण असतं उच्च न्यायालयाचं, राज्यघटनेच्या अनुच्छेद २३५ प्रमाणे. आता कचेरी रिकामी होते तेव्हा काय घडतं ते बघा. जिल्हाधिकाऱ्यांच्या आढावा बैठकीत सगळ्या खात्यांचे प्रमुख बसलेले असतात. कोणी चहाच्या वेळी विषय काढतो, कोणी पालकमंत्र्यांचं पत्र आणतो, कोणी आधी दोन कपाटं नेऊन ठेवतो आणि मग कार्योत्तर मंजुरी मागतो. त्या बैठकीला न्यायाधीश नसतात. नसावेतही.

माझ्या दृष्टीने अग्रक्रमाचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. तालुक्याच्या न्यायालयात सरकार हा रोजचा पक्षकार असतो. फौजदारीत फिर्यादी बाजूला सरकार, भूसंपादनाच्या दाव्यात सरकार, वहिवाटीच्या आणि अतिक्रमणाच्या वादात सरकार. ज्या अधिकाऱ्याच्या आदेशाविरुद्धचा दावा उद्या बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, येणार आहे, त्याच्याकडे आज खोलीसाठी शब्द टाकणं न्यायाधीशाला शोभत नाही, आणि चांगले न्यायाधीश तसा तो टाकतही नाहीत. परिणाम असा की जी संस्था आपल्या मर्यादेत राहते ती रांगेत शेवटी राहते. म्हणून न्यायालयाला जागा मेहेरबानीने किंवा ओळखीने मिळता कामा नये, लेखी नियमाने मिळायला हवी. ज्याला मागत फिरता येत नाही, त्याच्यासाठीच अग्रक्रमाचा नियम लागतो.

गरज किती मोठी आहे, याबद्दल आकडे पुरेसे बोलके आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या संशोधन केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायव्यवस्थेच्या स्थितीवर अहवाल काढला. देशभर जिल्हा न्यायव्यवस्थेत न्यायाधीशांची मंजूर पदं २५,०८१ आणि न्यायदान कक्ष २०,८३१. म्हणजे सगळी पदं भरली तर चार हजारांहून अधिक न्यायाधीशांना बसायला कोर्ट हॉल नाही. त्याआधी ऑक्टोबर २०२१ मध्ये औरंगाबाद खंडपीठाच्या विस्तारित इमारतीच्या उद्घाटनाला तत्कालीन सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांनी भर समारंभात सांगितलं होतं की २६ टक्के न्यायालय संकुलांत महिलांसाठी वेगळं स्वच्छतागृह नाही आणि पिण्याच्या शुद्ध पाण्याची सोय ५४ टक्के संकुलांतच आहे. पोटगीच्या तारखेला तान्हं मूल घेऊन आलेली बाई सकाळी साडेदहापासून पुकाऱ्याची वाट बघत थांबते. तिच्यासाठी ही टक्केवारी म्हणजे दिवसभर पाणी न पिण्याचा निर्णय असतो. हे मी अनेक तालुक्यांत पाहिलं आहे आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

नवी इमारत बांधणं हा खरा उपाय आहे, हे मान्य. केंद्राची न्यायालयीन पायाभूत सुविधांची योजना १९९३-९४ पासून चालू आहे. आपल्यासारख्या राज्यांत केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के खर्च उचलतं. २०२१ मध्ये तिला पाच वर्षांची मुदतवाढ देताना एकूण ९,००० कोटींची तरतूद ठरली आणि न्यायदान कक्ष व निवासस्थानांच्या जोडीला वकिलांचे कक्ष, स्वच्छतागृहं आणि संगणक कक्षही त्यात आले. पण जागेची निवड, नकाशे, अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा या वाटेने जाताना वर्षं सरतात. तोवर दावे थांबत नाहीत. मधल्या काळासाठी, आणि बऱ्याच ठिकाणी कायमसाठीही, सरकारचीच रिकामी इमारत हा सगळ्यात जवळचा मार्ग असतो.

हा मार्ग नवा नाही. मुंबईत फोर्टमधलं जुनं सचिवालय १८७४ चं. सरकारचा कारभार तिथून मंत्रालयाच्या इमारतीत गेला आणि त्या जुन्या वास्तूत आज शहर दिवाणी व सत्र न्यायालय आहे. कोल्हापूरचं उदाहरण तर अगदी ताजं. मुंबई उच्च न्यायालयाच्या तिथल्या सर्किट बेंचची, म्हणजे फिरत्या खंडपीठाची, अधिसूचना १ ऑगस्ट २०२५ ची आणि कामकाज १८ ऑगस्टपासून सुरू. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणं तिथे आली. जुन्या जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या इमारती दुरुस्त करून घेता आल्या, म्हणून ते एवढ्या लवकर जमलं. मोकळ्या जमिनीवर पहिली वीट ठेवायची असती, तर त्या सहा जिल्ह्यांतल्या पक्षकारांना किती वर्षं मुंबईच्या फेऱ्या माराव्या लागल्या असत्या?

आता तुमच्या कचेरीकडे येतो. जुनी तालुका कचेरी न्यायालयाला किती चपखल बसू शकते, हे आत फिरून पाहिल्याशिवाय कळत नाही. बहुतेक जुन्या कचेऱ्यांत उपकोषागाराची, म्हणजे तालुक्याच्या सरकारी खजिन्याची, तिजोरीची खोली असते. जाड भिंती, जवळजवळ बिनखिडकीची, लोखंडी दार, दुहेरी कुलपाची सोय. न्यायालयाला मुद्देमाल ठेवायला नेमकी अशीच खोली लागते. चोरीचे दागिने, जप्त रोकड, हत्यारं, व्हिसेराच्या (शवविच्छेदनात तपासणीसाठी काढलेल्या अवयवांच्या) सीलबंद बरण्या हे सगळं आज कित्येक ठिकाणी साध्या लाकडी कपाटात असतं आणि ते सांभाळणाऱ्या कारकुनाची झोप उडालेली असते. त्याच आवारात पुष्कळदा दुय्यम कारागृह असतं. त्याची एखादी कोठडी वापरता आली तर कच्च्या कैद्याला व्हरांड्यात बेडी घालून, फिर्यादीच्या नातेवाइकांच्या समोर बसवावं लागत नाही. मामलेदारांची, म्हणजे तहसीलदारांची, बैठकीची खोली उंच छताची आणि लांबट असते. एका टोकाला डायस, म्हणजे न्यायाधीशांचा उंच चौथरा, बसवला की कोर्ट हॉल तयार. पुढचा रुंद व्हरांडा पक्षकारांना सावलीला पुरतो. आणि मुख्य म्हणजे गावाला तो पत्ता पाठ असतो, एसटी स्टँडवरून कोणीही वाट सांगतं.

पण डोळे झाकून ताबा घेऊ नका. पहिली भीती ओझ्याची. न्यायालयाचं रेकॉर्ड किती जड असतं, याचा अंदाज इंजिनिअरलाही पटकन येत नाही. भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात कचेरीच्या साध्या खोलीसाठी जमिनीवरचा भार दर चौरस मीटरला साधारण २५० ते ४०० किलो धरतात. पुस्तकांच्या आणि दप्तरांच्या मांडण्या उभ्या करायच्या तर २.२ मीटर उंचीपर्यंतच तो ६०० किलोवर जातो आणि उंची वाढली की आणखी वाढतो. म्हणून अभिलेख कक्ष तळमजल्यावरच ठेवा. पहिल्या मजल्याला लाकडी तुळया असतील, तर तिथे गठ्ठे चढवायचा विचारही नको. एका ठिकाणी छत गळतं म्हणून जुने दिवाणी गठ्ठे वरच्या खोलीत हलवले होते. पावसाळ्यानंतर खालच्या खोलीच्या छताला मध्यभागी पोक आलेला दिसला. सुट्टीच्या दिवशी सगळा स्टाफ बोलावून गठ्ठे खाली उतरवले, म्हणून निभावलं.

दुसरी गोष्ट येण्या-जाण्याच्या वाटांची. न्यायाधीश, आरोपी आणि पक्षकार एकाच दारातून एकाच बोळात आले की इमारत कितीही देखणी असो, ती न्यायालयाला उपयोगाची नाही. कमीत कमी दोन स्वतंत्र दारं हवीतच. साक्षीदाराचा विचार तर विशेष करावा लागतो. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, स्मृती तुकाराम बडदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य यात, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये असुरक्षित साक्षीदारांसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्वतंत्र जबाब केंद्रं उभारायला सांगितलं. अत्याचाराला बळी पडलेलं लहान मूल आणि आरोपी समोरासमोर येता कामा नयेत, हा त्यामागचा हेतू. जुन्या आवारात मामलेदारांचं वेगळं निवासस्थान असेल तर अशा केंद्राला त्याहून बरी जागा शोधून सापडणार नाही. उतार, म्हणजे रॅम्प, आणि स्वच्छतागृहं यांत तडजोड नको. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुरुष, महिला, दिव्यांग आणि तृतीयपंथी या सगळ्यांसाठी प्रत्येक न्यायालयात वेगळ्या स्वच्छतागृहांचा आदेश दिला आहे. दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात ही कामं सुरुवातीलाच घाला, नंतर त्यांना पैसे मिळत नाहीत.

काही जण सुचवतात की नव्या प्रशासकीय इमारतीतच एक मजला रिकामा आहे, तो न्यायालयाला द्या. मला हे पटत नाही. मुंबई राज्याने १९५१ च्या कायद्याने फौजदारी न्यायदान महसुली अधिकाऱ्यांपासून वेगळं काढलं, आणि देशभर हे १ एप्रिल १९७४ पासून नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेने झालं. एवढ्या प्रयत्नाने वेगळं काढलेलं पुन्हा एकाच जिन्यावर आणू नये. तहसीलदारांच्या निर्णयाविरुद्ध दाद मागायला आलेल्या शेतकऱ्याला त्याच पाटीखालून आत जावं लागलं, तर निकाल कितीही निष्पक्ष लागला तरी त्याचा विश्वास बसत नाही. पर्यायच नसेल तर वेगळा दरवाजा, वेगळा जिना, वेगळी पाटी, या अटींवर मर्यादित काळासाठी घ्यावा.

इतर दोन खात्यांचं काय? इथे मी वकिलांच्या बाजूने आंधळेपणाने बोलणार नाही. त्यांतलं एक खातं ग्रामीण रुग्णालयासाठी किंवा मुलींच्या वसतिगृहासाठी जागा मागत असेल आणि त्यांच्याकडे दुसरा पर्याय नसेल, तर न्यायालयाने आवार वाटून घ्यायची तयारी दाखवावी. पण मागणी गोदामाची असेल, गाड्या लावण्याची असेल, किंवा ज्या खात्याला नव्या इमारतीत मजला मिळालेलाच आहे त्याने ‘जास्तीची जागा’ म्हणून हात घातला असेल, तर न्यायालयाचा दावा निर्विवाद वरचा. बहुतेक वेळा स्पर्धा याच दुसऱ्या प्रकारची असते.

अग्रक्रमाचा नियम झालाच, तर त्यात काय असावं? माझ्या मते सगळ्यात आधी वेळ. खातं नव्या इमारतीत जाण्याच्या किमान सहा महिने आधी जिल्हाधिकाऱ्यांनी प्रमुख जिल्हा न्यायाधीशांना लेखी कळवावं की अमुक जागा रिकामी होणार आहे. न्यायालयाने साठ-नव्वद दिवसांत हो किंवा नाही सांगावं. नाही म्हणायची मुभा महत्त्वाची आहे. ती नसेल तर पडायला आलेल्या इमारती न्यायालयांच्या गळ्यात मारल्या जातील आणि ‘तुम्हाला जागा दिली होती’ म्हणून नव्या बांधकामाची फाईल बंद होईल. त्यामुळे जुनी जागा घेतल्याने नव्या इमारतीचा प्रस्ताव रद्द होणार नाही, असं वाक्य नियमात हवंच. दुरुस्तीचा पैसा वाटपाच्या आदेशाबरोबरच ठरावा. नुसत्या चार भिंती हातात देऊन लेखाशीर्ष कोणतं, म्हणजे खर्च अंदाजपत्रकातल्या कोणत्या खात्यावर टाकायचा, यावर दोन वर्षं पत्रव्यवहार चालतो, तोवर खिडक्यांच्या चौकटीही गायब होतात. आणि वाटप जिल्हाधिकाऱ्यांच्या मर्जीवर कधीही परत घेता येईल असं नसावं. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २२ प्रमाणे सरकारी जमीन सार्वजनिक कामासाठी नेमून देता येते आणि एकदा नेमून दिली की जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. कायमचा विचार असेल तर तशी नोंद आग्रहाने करून घ्यावी.

एक कागद असा आहे ज्याच्याकडे वकील संघांचं लक्ष जात नाही. न्यायालयासाठी खासगी जागा भाड्याने घ्यायची तर ‘शासकीय जागा उपलब्ध नाही’ असा दाखला लागतो आणि भाडं वाजवी असल्याचं बांधकाम विभागाचं प्रमाणपत्र लागतं. हा अनुपलब्धतेचा दाखला पुष्कळदा कोणतीही यादी न तपासता दिला जातो. तुमच्या तालुक्यात कोणतंही न्यायालय भाड्याच्या जागेत असेल तर तो दाखला कधीचा आहे ते माहिती अधिकारात मागवा. कचेरी रिकामी झाल्यानंतर तो खरा राहत नाही, आणि सरकार एकीकडे भाडं भरतंय, दुसरीकडे स्वतःची इमारत ओस ठेवतंय, हे एका पानावर मांडता येतं. लेखापरीक्षणात हा मुद्दा निघेल, ही जाणीव झाली की फायली चटकन हलतात.

आता तुम्ही करायचं ते. वकील संघाने थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे मोर्चा नेऊ नये. ठराव करून तो प्रमुख जिल्हा व सत्र न्यायाधीशांना द्यावा, प्रत जिल्ह्याच्या पालक न्यायमूर्तींना (त्या जिल्ह्यातल्या न्यायालयांवर देखरेख ठेवणाऱ्या न्यायमूर्तींना) उच्च न्यायालयात पाठवावी. जागेची अधिकृत मागणी न्यायालयाकडूनच गेली पाहिजे, ती जिल्हा न्यायालयाकडून उच्च न्यायालयाकडे, तिथून विधी व न्याय विभागाकडे आणि पुढे महसूल विभागाकडे जाते. संघाचं काम कागद भक्कम करून देण्याचं. ठरावात भावनेपेक्षा माहिती असू द्या : मंजूर न्यायालयं किती, चालू किती, प्रलंबित प्रकरणं किती (राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिडवर तालुकानिहाय मिळतात), आजच्या जागेचं क्षेत्रफळ, महिला पक्षकारांसाठी सोय काय. मंजूर असूनही जागेअभावी सुरू न झालेलं न्यायालय ही तुमची सगळ्यात बळकट बाजू आहे, ती पहिल्या परिच्छेदात घ्या.

त्याच वेळी बांधकाम विभागाच्या उपविभागात चौकशी करा की कचेरीचा निर्लेखनाचा, म्हणजे वापरातून बाद ठरवण्याचा, प्रस्ताव गेला आहे का. हे फार तातडीचं. इमारत एकदा निर्लेखित झाली की ती कागदोपत्री मेली, मग तिच्यावर दुरुस्तीचा खर्च टाकता येत नाही. प्रस्ताव गेला असेल तर जिल्हा न्यायाधीशांच्या कार्यालयातून कार्यकारी अभियंत्यांना पत्र जाऊ द्या की न्यायालयाची मागणी प्रलंबित आहे, आधी संरचनात्मक तपासणी करावी. कितीतरी दगडी इमारतींच्या भिंती शंभर वर्षं टिकतील अशा असतात, खराब झालेलं असतं ते फक्त छप्पर. त्या एका तपासणीने इमारत वाचते.

संपूर्ण कचेरी मिळाली नाही, तरी हात रिकामे घेऊन येऊ नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने साक्षीदाराचा जबाब दृकश्राव्य माध्यमातून नेमून दिलेल्या ठिकाणी घेण्याची सोय केली आहे. अशा ठिकाणाला एक शांत, बंदिस्त खोली, चांगली जोडणी आणि वीज पुरते. कचेरीची एक बाजू यासाठी मागता येईल. जुन्या निकाली प्रकरणांचे गठ्ठे तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत हलले, तरी आजच्या न्यायालयात तिसऱ्या डायससाठी जागा निघू शकते. मंजूर न्यायालय सुरू करायला कधी कधी एवढंच पुरेसं होतं.

आणि ताबा मिळेल त्या दिवशी नाझरांबरोबर स्वतः हजर राहा. ताबा पावतीवर खोल्यांची संख्या, दारं-खिडक्या, विजेचा मीटर क्रमांक, मागची थकबाकी कोणाची, विहीर किंवा बोअर चालू आहे का, आवाराच्या चारी हद्दी आणि त्यातली अतिक्रमणं, हे सगळं लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या, जमलं तर फोटो जोडा. पूर्वीच्या खात्याची एखादी खोली ‘थोडं सामान आहे, महिन्याभरात नेतो’ म्हणून कुलूप लावून ठेवलेली असेल, तर ती खोली आणि ती तारीखही पावतीवर आली पाहिजे, नाहीतर ते कुलूप वर्षानुवर्षं तसंच राहतं.